आज तारीख काय?

बिजागरी तुटलीय. वरचा पडदा मान टाकतो,
त्याला मी भाजीच्या जुडीचं रबर लावलंय.
डावं बटण मेलं त्याला चार वर्षं झाली;
तेव्हापासून खेळात मी उजवीकडूनच वळते,
डावीकडे जायचं तरी तीनदा उजवीकडे.
अंगवळणी पडतं सगळं.

हिसाए वरच्या बंकवरून म्हणते,
"चिझुरु, नवं घे की एकदाचं.
हे तुझं भर समुद्रात डोळे मिटेल."
तिचं बरोबर आहे. तोमाकोमाई ते हाचिनोहे
रात्रीच्या फेरीबोटीवर आम्ही दोघी
तीनशे माणसांचा रस्सा ढवळतो,
आणि माझे त्रेचाळीस हजार येन
उन्हाळी बोनसपासून पाकिटात पडून आहेत.

पण एक गोष्ट मी तिला सांगितलेली नाही.
आतली नखाएवढी बॅटरी संपल्यापासून
हे यंत्र उघडावं तेव्हा सगळं विसरलेलं असतं
आणि विचारतं: आज तारीख काय?
मी सांगते, नऊ जून.
साल तेच जुनं. सकाळचे सात.

नऊ जूनला काय झालं होतं?
काही नाही. समुद्र परातीतल्या पाण्यासारखा,
भात करपला नाही, कुणाचा फोन आला नाही.
म्हणून तर.

यंत्र वाद घालत नाही.
त्याच्या गावात ऊन पडतं, नासपती झाडावर तेवढेच,
टपालवाला बेडूक टोपी उचलून म्हणतो,
"आज लवकर उठलात!"
अकरा वर्षं मी लवकर उठतेय.

दुकान ड्रायक्लीनरच्या वर, वाफेचा वास जिन्यात.
नाराओका नावाचा पोरगा. जुन्याचे अठराशे देऊ, म्हणाला.
मग बिजागरी पाहिली, रबर पाहिलं.
बाराशे.
"रबरासकट?"
तो हसला नाही, हिशेब करत होता.

नवं हातात घेतलं. हलकं,
धुऊन वाळलेल्या ताटलीसारखं.
उघडताच कोपऱ्यात: दोन वाजून सात मिनिटं,
मंगळवार, हाचिनोहे.
मी काही सांगितलं नव्हतं.
भाड्याच्या खोलीत पाऊल टाकावं
आणि घरमालकाला आपला रक्तगट पाठ असावा,
तसं झालं.

"याला वेळ विसरायला लावता येईल?"
नाराओका सेटिंगमध्ये खाली गेला, आणखी खाली,
एक हिरवा ठिपका सरकवला.
"झालं. आता तुम्ही सांगाल ती तारीख."
एवढंच?
अकरा वर्षांचं माझं एकुलतं कारण
त्यानं अंगठ्यानं बाजूला सारलं
आणि विचारलं, पिशवी हवी का.

बोट पावणेसहाला आहे, मी म्हटलं. बघते.

रात्री दिवे मालवले. वर हिसाए घोरतेय,
खाली इंजिन तिच्याहून जरा सावकाश.
रबर काढलं, झाकण उघडलं.
आज तारीख काय?
बोट नवावर पोचलंही होतं.
मग, का कोण जाणे, खरी घातली.
खरं साल. अकरा पन्नास.

गावात गुडघाभर गवत.
तिथेही रात्र, बेडकाची खिडकी बंद.
टपालपेटीत एकच पत्र:
"बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत.
नासपती पिकून गळाले.
चार तुमच्यासाठी ठेवले होते,
ते शेवटी आम्हीच खाल्ले. राग नसावा."

राग कसला.
मी गवत उपटायला घेतलं,
एक काडी, एक दाब,
उजवीकडून वळत वळत.
निम्मं गाव उघडं झालं
तेव्हा कोपऱ्यात तांबडा दिवा लागला.

चार्जर स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्यामागे.
पाकीट उशाखाली.
शुक्रवारी बोट पुन्हा हाचिनोहेला लागते.